पाणी-स्वच्छतेच्या प्रकल्पाचं मूल्यमापन कसं करावं: सोलापूर जिल्ह्यातल्या गावांत पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

समाजकार्याचं शिक्षण नुकतंच संपलेलं असतं, किंवा एखाद्या संस्थेत नवी नोकरी लागलेली असते, आणि हातात काम येतं: अमुक तालुक्यातल्या वीस गावांत तीन वर्षांपूर्वी पाणी, शौचालय आणि हात धुण्याचा प्रकल्प झाला, त्याचं मूल्यमापन करा. सोबत एक तक्ता मिळतो. किती टाक्या, किती नळजोडण्या, किती शौचालयं, किती शाळांत बेसिनं, किती महिलांना प्रशिक्षण. बहुतेक नवखी मंडळी हा तक्ता घेऊन गावोगाव फिरतात आणि खुणा करत जातात. टाकी आहे, खूण. नळ आहे, खूण. ही झाली मोजदाद. मूल्यमापनाचा प्रश्न वेगळा आहे. पैसे खर्च होऊन तीन वर्षं झाल्यावर, मे महिन्यात, पाइपलाइनच्या अगदी शेवटच्या घरात पुरेसं आणि निर्धोक पाणी येतं का? त्या घरातली सगळी माणसं, म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत, शौचालय वापरतात का? खाली जे लिहिलंय ते सगळं या दोन प्रश्नांची खरी उत्तरं मिळवण्यासाठी.

आधी जिल्हा समजून घ्या

सोलापूर जिल्ह्यात अकरा तालुके आहेत आणि पाण्याच्या बाबतीत त्यांची तऱ्हा एक नाही. पाऊस सरासरी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. एकीकडे भीमेवर उजनीसारखं मोठं धरण आणि त्याच्या जिवावर माढा, पंढरपूर, माळशिरसचा ऊसपट्टा. दुसरीकडे सांगोला, मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडची गावं, अक्कलकोटची कोरडवाहू गावं, जिथं टँकरच्या खेपा मोजण्यात कित्येक उन्हाळे गेले. धरणाच्या पाण्याचं गणितही समजून घ्या. उन्हाळ्यात उजनी ‘मायनस’मध्ये गेली, म्हणजे उपयुक्त साठा संपला, की नदीकाठच्या योजनांच्या जॅकवेलपर्यंत (पाणी उपसायच्या विहिरीपर्यंत) पाणी पोचण्याची पंचाईत होते. सोलापूर शहरानंसुद्धा वर्षानुवर्षं काही दिवसांआड पाणी भरलंय. तेव्हा ‘धरण जवळ आहे म्हणजे पाणी आहे’ हे गृहीत धरू नका.

जमिनीखाली काळा बेसॉल्ट. या खडकात पाणी सर्वदूर साठत नाही. वरच्या मुरमाड, झिजलेल्या थरात आणि भेगांत जेवढं मुरेल तेवढंच. म्हणून एका बोअरला तीन इंच पाणी लागतं आणि पन्नास फुटांवरचं बोअर धूळ काढतं. प्रकल्पानं बोअर मारलं आणि फेब्रुवारीत ते आटलं, तर दोष ठेकेदाराचा असेल, जागेच्या निवडीचा असेल, किंवा शेजारच्या उसाला रात्रंदिवस चालणाऱ्या मोटारींचा असेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते. गावाजवळच्या निरीक्षण विहिरीच्या मागच्या काही वर्षांच्या नोंदी मिळवा. पाऊस कमी झाला म्हणून योजना बसली की चांगल्या पावसातही बसली, हे त्या नोंदींशिवाय सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट वस्त्यांची. आपल्याकडं ‘गाव’ म्हणजे फक्त गावठाण नाही. सांगोला, माळशिरसकडं निम्मं-अधिक गाव शेतात वस्त्या करून राहतं. योजना मात्र गावठाणात फिरते आणि ‘गाव शंभर टक्के’ असा दाखला मिळतो. दलित वस्ती, लमाण तांडा, पारधी वस्ती, मेंढपाळांची घरं यांची नावं प्रकल्पाच्या नकाशात आहेत का, हे पहिल्याच दिवशी बघा.

आणि भाषा. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढ्याच्या सीमेवरच्या गावांत घरात कन्नड बोलतात. मराठी सगळ्यांना येते, हे पुरुषांच्या बाबतीत बऱ्यापैकी खरं; घरातली सासू मात्र ‘हो, हो’ म्हणून मोकळी होईल आणि तुमच्या वहीत चुकीचं उत्तर जाईल. कन्नड येणारी एक तरी मुलगी तुमच्या चमूत हवी.

कागद आधी, गाव नंतर

गावात जाण्याआधी हे कागद मागवा: मूळ प्रस्ताव आणि अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, पूर्णत्वाचा दाखला, ग्रामपंचायतीकडं योजना हस्तांतरित केल्याचा ठराव, ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचं इतिवृत्त, पाणीपट्टी वसुलीची नोंद, पंपाची वीजबिलं आणि टीसीएल (पाणी निर्जंतुक करायची क्लोरीनची पावडर) खरेदीच्या पावत्या. सगळे मिळणार नाहीत. कोणता मिळाला नाही, हीसुद्धा नोंद आहे. हस्तांतरणाचा ठरावच नसेल तर फुटलेली पाइप कुणी जोडायची यावरून गावात भांडण असणार, हे धरून चला.

मूळ प्रस्ताव दोनदा वाचा. काय बदलेल असं तेव्हा लिहिलं होतं आणि किती बदलेल? पुष्कळदा प्रस्तावात ‘ग्रामस्थांचं आरोग्य सुधारेल’ असं असतं आणि कामात फक्त टाकी असते. टाकीपासून आरोग्यापर्यंतची साखळी एका कागदावर मांडा: टाकी भरली, पाणी घरात आलं, निर्जंतुक होतं, घरात तसंच राहिलं, माणसांनी तेच प्यायलं, शौचालय वापरलं, हात धुतले, जुलाब घटले. तुमचं काम म्हणजे ही साखळी कुठं तुटली ते शोधणं.

जगभर मदत प्रकल्प तपासताना सहा निकष वापरतात: गरजेशी सुसंगती, इतर योजनांशी मेळ, परिणामकारकता, खर्चाची काटकसर, दूरगामी परिणाम आणि टिकाऊपणा. निधी देणारे बहुधा याच चौकटीत अहवाल मागतात. चौकट ठीक आहे, पण सगळ्यांना सारखी पानं देऊ नका. माझ्या मते आपल्या भागात टिकाऊपणावर निम्मा अहवाल जायला हवा, कारण योजना बांधणं आपल्याला जमतं, चालवणं जमत नाही.

मेळाचा निकषही इथं महत्त्वाचा. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन सुरू झालं: प्रत्येक घराला नळ, माणशी रोज ५५ लिटर पाणी. त्याआधी २ ऑक्टोबर २०१४ पासून स्वच्छ भारत मिशन, शौचालयाला १२,००० रुपये प्रोत्साहन. तुमच्या संस्थेनं बांधलेल्या शौचालयाला सरकारी अनुदानही मिळालंय का? एकच शौचालय दोन ठिकाणी मोजलं गेलंय का? संस्थेनं नळ टाकले आणि पुढच्या वर्षी मिशनच्या नव्या पाइपलाइनसाठी तोच रस्ता पुन्हा उकरला गेला का? विचारा.

घरं तुम्ही निवडा

सरपंच किंवा ग्रामसेवक ‘चला, दाखवतो’ म्हणून पुढं चालू लागतात. चहा घ्या, त्यांचं ऐका, पण घरं त्यांना निवडू देऊ नका. ते वाईट हेतूनं नव्हे, पाहुण्याला चांगलं ते दाखवायचं म्हणून मुख्य रस्त्यावरच्या घरात नेतात. ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही, म्हणजे नमुना ८, घ्या आणि त्यातून ठरावीक अंतरानं घरं उचला: ३०० घरं असतील आणि १५ हवी असतील तर दर विसावं घर, सुरुवात चिठ्ठी टाकून. नमुना ८ मध्ये नसलेली घरं, म्हणजे गायरानातली, पालातली, वेगळी शोधा आणि त्यांची वेगळी यादी करा.

किती घरं? एकूण १०० घरं पाहिली आणि निम्म्यांत एखादी गोष्ट आढळली, तर खरा आकडा साधारण दहा टक्के खाली-वर असू शकतो. ४०० घरं पाहिली तर पाच टक्के. हे झालं सरळ चिठ्ठीनं निवडलेल्या घरांचं. एकाच गावातली घरं एकमेकांसारखी असतात, कारण टाकी एक, वॉलमन (पाणी सोडणारा माणूस) एक. म्हणून चार गावांत शंभर-शंभर घरं पाहण्यापेक्षा वीस गावांत वीस-वीस पाहणं केव्हाही चांगलं. प्रवास वाढतो, पण आकड्यावर विश्वास ठेवता येतो.

पाइपलाइनची सुरुवात, मध्य आणि शेवट असे तीन भाग करून प्रत्येक भागातून घरं येतील असं बघा. कुलूप असलेलं घर वगळू नका. दिवाळीनंतर कोरडवाहू भागातली कुटुंबं ऊसतोडीला जातात ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कुलूपबंद घरं सोडून दिलीत तर गावातली सर्वांत गरीब माणसं तुमच्या नमुन्यातून आपोआप गळतात. शेजाऱ्यांना विचारून ‘तोडीला गेले’ असं लिहा आणि परतल्यावर पुन्हा जा. उलट बाजूही आहे: मराठवाड्यातून आपल्या कारखान्यांवर आलेल्या टोळ्या पाच-सहा महिने कोप्यांमध्ये राहतात. त्या कोणत्याच गावाच्या यादीत नसतात, पण त्याच विहिरीचं पाणी पितात.

कधी जायचं

ऑक्टोबरात सगळ्या योजना चालतात. मूल्यमापनाची फेरी एकच करता येणार असेल तर एप्रिल-मे धरा. दोन फेऱ्यांचा पैसा असेल तर दुसरी पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, कारण जुलाब आणि पाण्याचं दूषित होणं तेव्हा दिसतं. निधी देणाऱ्याला आर्थिक वर्ष संपायच्या आत अहवाल हवा असतो म्हणून फेब्रुवारीत जायची घाई होते. अशा वेळी ‘ही पाहणी टंचाईच्या आधीची आहे’ हे वाक्य अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक लिहा.

फेब्रुवारीत दुसरी अडचण ज्वारीची. मंगळवेढ्याकडं काढणी चालू असते, दिवसभर घरात कुणी नसतं. सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीनंतर जा. आषाढीच्या आधी-नंतरचे दिवस पालखीमार्गावरच्या गावांसाठी राखून ठेवा: नातेपुते, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. वारीच्या एक-दोन दिवसांत तिथल्या पाणीसाठ्यावर आणि शौचालयांवर गावाच्या लोकसंख्येच्या कित्येक पट भार पडतो. तात्पुरती शौचालयं गेल्यावर खड्डे कसे बुजवले आणि विहिरीत टीसीएल पडलं का, हे बघण्याची तीच वेळ.

पाणी बादलीनं मोजा

‘पाणी पुरेसं येतं का?’ असं विचारलं की एक तर ‘येतंय की’ किंवा ‘कुठलं येतंय!’ असं उत्तर मिळतं. दोन्हींचा उपयोग नाही. वीस लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ घ्या. पाणी सुटण्याची वेळ वॉलमनला विचारून त्याच वेळी गल्लीत हजर राहा.

समजा शेवटच्या घरात बादली भरायला १०० सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला १२ लिटर. पाणी ४५ मिनिटं टिकलं, तर ५४० लिटर. घरात माणसं पाच आणि पाणी चार दिवसांतून एकदा: ५४० भागिले २०, म्हणजे माणशी रोज २७ लिटर. निकष ५५ चा. हे घर कागदावर ‘नळजोडणी असलेलं’ आहे आणि प्रत्यक्षात त्याला निम्म्याच्याही आत पाणी मिळतंय. हाच हिशोब टाकीजवळच्या घरात करा. तिथं बादली ४० सेकंदांत भरली, तर गावाच्या पोटातली विषमता एका ओळीत समोर येते.

शेवटच्या घराला पाणी का कमी, याचं उत्तर बहुधा वरच्या गल्लीत असतं. नळाला थेट मोटार लावून पाणी ओढतात. टिल्लू मोटारीचा आवाज पाणी सुटल्यावर ऐकू येतोच. याबद्दल कुणाचं नाव लिहून घेऊ नका. किती घरांत मोटार आहे एवढंच नोंदवा. नळाला तोटी आहे का, पाणी गेल्यावर पाइप गटारात उघडी पडते का, हेही बघा. पाणी बंद झाल्यावर रिकाम्या पाइपमध्ये बाहेरची घाण ओढली जाते, आणि चार दिवसांआड पाणी सुटणाऱ्या गावांत हा धोका रोजचा आहे.

मग विचारा: नळाला पाणी नसेल त्या दिवशी काय करता? हापसा, शेतातली विहीर, शेजाऱ्याचं बोअर, टँकर, विकतचा जार? कोण आणतं, किती वेळ जातो? जगभरात वापरला जाणारा एक साधा मापदंड आहे: जाऊन, रांगेत थांबून, परत यायला तीस मिनिटांपेक्षा जास्त लागली तर ती सेवा मूलभूतही धरत नाहीत. बाईसोबत एकदा चालत जा. घड्याळ लावून जा.

पाणी निर्धोक आहे का

आधी नळाखाली ओ.टी. (ऑर्थोटोलिडिन) चाचणी करा, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते कळतं. नळ थोडा वेळ वाहू द्या, नळीत पाणी घ्या, थेंब टाका, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. शेवटच्या नळाला निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मोकळं क्लोरीन उरायला हवं. टाकीजवळ पिवळं आणि टोकाला पांढरं, हे चित्र फार गावांत दिसतं.

चाचणीच्या दिवशी पाहुणे येणार म्हणून टीसीएल टाकलं जातं, हे लक्षात ठेवा. म्हणून पावत्यांचा हिशोब करा. पन्नास हजार लिटरच्या टाकीला लिटरमागं दोन मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं तर रोज शंभर ग्रॅम क्लोरीन लागतं. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, म्हणजे रोज तीनशे ग्रॅम पावडर, महिन्याला नऊ किलो. पंचवीस किलोची गोणी तीन महिनेसुद्धा पुरत नाही. ग्रामपंचायतीनं वर्षात एकच गोणी घेतली असेल, तर रोज टीसीएल पडत नाही हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. गोणी कुठं ठेवली आहे तेही बघा. उघड्या तोंडानं ओलीत पडलेल्या पावडरीतलं क्लोरीन केव्हाच उडून गेलेलं असतं.

जंतूंसाठी नमुना जिल्हा प्रयोगशाळेत द्यायचा तर निर्जंतुक बाटलीत, बर्फाच्या पेटीत, त्याच दिवशी पोचवा. क्लोरीन असलेल्या पाण्याच्या बाटलीत ते मारणारं रसायन आधीच घातलेलं असावं लागतं, तशी बाटली मागून घ्या. शंभर मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) एकही नसावा, हा भारतीय मानकाचा नियम. हायड्रोजन सल्फाइडच्या कुपीत (गावातच जंतू तपासायची साधी बाटली) पाणी काळं झालं तर संशय पक्का धरा, पण अहवालात ‘प्राथमिक चाचणी’ असंच लिहा.

रासायनिक बाजू विसरू नका. ऊसपट्ट्यात खतं आणि पाणी दोन्ही भरपूर, त्यामुळं विहिरींत नायट्रेट वाढण्याचा धोका असतो. मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि तीत सवलत नाही. टीसीएलनं नायट्रेट जात नाही, उकळून तर प्रमाण वाढतंच. फ्लोराइड एक मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतात. विरघळलेले क्षार लिटरमागं ५०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य आणि पर्याय नसेल तर २००० पर्यंत.

गावात संस्थेनं बसवलेलं ‘वॉटर एटीएम’ असेल तर तिथं जास्त वेळ घाला. नाणं टाकल्यावर पाणी येतं का, पडदा शेवटचा कधी बदलला, गाळून उरलेलं खारट पाणी कुठं सोडलंय, आणि वीस लिटरचा जार घ्यायला कोण येत नाही. माझं मत असं की ज्या पाण्याला फक्त टीसीएल पुरलं असतं तिथं आरओ, म्हणजे पडद्यातून पाणी गाळणारं यंत्र, बसवणं हा पैशाचा आणि पाण्याचा अपव्यय आहे. तो योग्य ठरतो तिथं, जिथं क्षार, फ्लोराइड किंवा नायट्रेट खरोखर जास्त आहे. प्रस्तावासोबत पाण्याचा तपासणी अहवाल जोडला होता का, एवढं बघितलं तरी उत्तर मिळतं.

दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. मागच्या काही वर्षांची कार्डं मागा. हिरवं कार्ड आणि नळाला क्लोरीन शून्य, असं आढळलं तर दोन्ही गोष्टी अहवालात शेजारी-शेजारी लिहा.

शेवटचा टप्पा घरातला. नळाचं स्वच्छ पाणी पिंपात जातं, त्यात तांब्या आणि तांब्यासोबत बोटं जातात. झाकण आहे का, लांब दांड्याचं ओगराळं आहे का, माठ उंचावर आहे का? नळाचा आणि माठाचा असे दोन नमुने एकाच घरातून घ्या. नळ स्वच्छ आणि माठ दूषित निघाला तर साखळी कुठं तुटली ते कळलं: पाइपवर केलेला खर्च वाया गेला नाही, पण प्रशिक्षणावरचा गेला.

शौचालय: विचारू नका, बघा

महाराष्ट्रात ‘गुड मॉर्निंग पथकं’ पहाटे टमरेल घेऊन निघालेल्यांना अडवत होती. ग्रामपंचायत निवडणुकीला उभं राहायचं तर शौचालय वापरत असल्याचा दाखला लागतो. अशा वातावरणात अनोळखी माणसानं ‘शौचालय वापरता का?’ विचारलं तर ‘नाही’ कोण म्हणेल? म्हणून परवानगी घेऊन आत डोकवा.

वापरातलं शौचालय लगेच ओळखू येतं. वाट तुडवलेली असते, दाराची कडी झिजलेली, भांडं ओलं, कोपऱ्यात बादली-मग आणि ब्रश, साबणाचा तुकडा. न वापरलेल्यात भांड्यावर धूळ, कोळ्याची जाळी, आणि बऱ्याचदा सरपण, कडबा, कोंबड्यांचं खुराडं. दार आतून लागतं का बघा; कडी नसलेल्या शौचालयात बाई जात नाही. मग घरातल्या प्रत्येक माणसाबद्दल वेगळं विचारा: आजोबा कुठं जातात, शेतात गेल्यावर काय, तान्ह्या बाळाची घाण कुठं टाकता. ‘घर’ शौचालय वापरत नाही, माणसं वापरतात. एकाच घरात सून आत आणि सासरा ओढ्याला, हे अगदी नेहमीचं आहे. पाण्याशी याचा थेट संबंध आहे. चार दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात शौचालयाला रोज बादल्या ओतायला कोण तयार होईल?

आता खड्डा. दोन शोषखड्ड्यांचं शौचालय असेल तर एक खड्डा भरला की पाणी दुसऱ्याकडं वळवायचं, आणि पहिला किमान एक-दोन वर्षं बंद ठेवला की आतल्या मैल्याचं खत होतं. बांधणी जाळीदार विटांची हवी म्हणजे पाणी जमिनीत मुरतं. चेंबर उघडून बघा: दोन्ही तोंडं एकाच वेळी उघडी असतात आणि दोन्ही खड्डे सोबतच भरत जातात, ही गावोगाव दिसणारी चूक. काळ्या मातीत पाणी मुरायला वेळ लागतो, पावसाळ्यात खड्डा तुंबतो आणि लोक वापर थांबवतात. काहींनी खड्ड्याऐवजी मोठी सेप्टिक टाकी बांधलेली असते, ‘पिढ्यान्‌पिढ्या भरायची नाही’ म्हणून. ती भरल्यावर कोण उपसणार, मैला कुठं टाकणार? माणसाकडून मैला उपसून घेण्यावर २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, हे स्पष्ट विचारा आणि स्पष्ट लिहा. खड्ड्यापासून पाण्याची विहीर किंवा हापसा किती अंतरावर आहे ते टेपनं मोजा. पंधरा मीटरच्या आत असेल तर त्या स्रोताचा नमुना नक्की घ्या.

हात धुण्याबद्दल थोडक्यात: ‘साबणानं हात धुता का’ याला सगळे ‘हो’च म्हणतात. ‘हात कुठं धुता ते दाखवा’ म्हणा. तिथं पाणी आणि साबण दोन्ही आहेत का, एवढंच नोंदवा. शाळेत बेसिनचे नळ उघडून बघा, आणि मुलींच्या शौचालयाची किल्ली कुणाकडं असते ते विचारा.

आजार घटले असं लिहिण्याआधी

निधी देणाऱ्याला हेच वाक्य हवं असतं: ‘प्रकल्पामुळं जुलाब इतके टक्के कमी झाले.’ ते लिहिण्याची घाई करू नका. ओडिशात पुरी जिल्ह्यातल्या १०० गावांत शौचालय मोहिमेची काटेकोर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. प्रकल्पाच्या गावांत शौचालयं असलेल्या घरांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेलं, आणि मुलांच्या जुलाबांत फरक पडला नाही. २०१८ मध्ये बांगलादेश आणि केनियात पाणी, शौचालय, हात धुणं यांच्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले: बांगलादेशात जुलाब घटले, केनियात घटले नाहीत. यातून स्वच्छता निरुपयोगी ठरत नाही. अर्ध्या गावानं अर्धवट वापरलेलं शौचालय आरोग्यापर्यंत पोचत नाही, हे मात्र कळतं.

तुम्हाला जुलाबांचा प्रश्न घ्यायचाच असेल तर पाच वर्षांखालच्या मुलांबद्दल, मागच्या सात दिवसांपुरता विचारा. चोवीस तासांत तीन किंवा जास्त पातळ शौच म्हणजे जुलाब. महिन्याभराची आठवण भरवशाची नसते. प्राथमिक आरोग्य केंद्राची नोंदवही पूरक म्हणून बघा, पण बरीच मुलं खासगी डॉक्टरकडं जातात. आणि मे महिन्याची तुलना ऑगस्टशी कधीही करू नका.

श्रेयाचा प्रश्न इथंच येतो. प्रकल्प नसता तर काय झालं असतं? याच काळात सरकारी योजना सगळीकडं पोचल्या, पाऊस बदलला, म्हैसाळ-टेंभू या उपसा सिंचन योजनांचं पाणी काही भागांत आलं. म्हणून प्रकल्प न झालेली, त्याच तालुक्यातली, तशाच पाणीस्रोताची काही गावं सोबत बघा. शिरभावी किंवा भोसे या, अनेक गावांना मिळून पाणी देणाऱ्या, प्रादेशिक योजनेवरच्या गावाची तुलना स्वतःच्या विहिरीवर चालणाऱ्या गावाशी केलीत तर फरक प्रकल्पाचा नव्हे, योजनेच्या जातीचा निघेल.

योजना कुणाच्या खिशातून चालते

वर्षाचा खर्च लिहा: वीजबिल, वॉलमनचा पगार, टीसीएल, दुरुस्ती. समोर पाणीपट्टीची आकारणी आणि प्रत्यक्ष वसुली मांडा. वसुली वीजबिलालाच पुरत नसेल तर वीज तुटणार आणि पुन्हा टँकर येणार. लोक पाणीपट्टी का भरत नाहीत हे विचारताना उपदेश करू नका. चार दिवसांआड गढूळ पाणी येत असेल तर न भरण्यामागं त्यांचं कारण आहे. वसुली चांगली असलेल्या गावांत काय वेगळं आहे, यावर मात्र अहवालात जागा द्या. नियमित पाणी, हिशोब फलकावर लिहिणं आणि वॉलमनला वेळेवर पगार, यांच्याशी त्याचं नातं तपासून बघा.

पाणी समितीत निम्म्या महिला असाव्यात असा नियम आहे. नावं असतातच. त्या महिलांना स्वतंत्र भेटा आणि विचारा की मागची बैठक कधी झाली, पाणी तपासणीचा संच कुठं आहे. संच कपाटात सीलबंद आढळला तर त्यांना बोल लावू नका. पुढचं रसायन कुणी पुरवलंच नाही का, ते शोधा. पाळीच्या काळातल्या अडचणी, कापड किंवा पॅड कुठं टाकता, पहाटे अंधारात जाण्याची भीती, हे सगळं महिला मुलाखतकर्तीनं, पुरुष जवळ नसताना विचारावं. कुणाचा फोटो परवानगीशिवाय काढू नका, आणि उघड्यावर बसणाऱ्याचा तर कधीच नाही.

अहवाल गावात परत न्या

इंग्रजी अहवाल निधी देणाऱ्याकडं जातो आणि गावाला काहीच कळत नाही. प्रत्येक गावासाठी मराठीत, गरज असेल तिथं कन्नडमध्येही, एक पान करा: शेवटच्या घराला किती लिटर, क्लोरीन कुठं होतं आणि कुठं नव्हतं, किती शौचालयं वापरात, कोणत्या वस्त्या सुटल्या. घरमालकाची नावं त्यात नकोत. १ मेच्या ग्रामसभेत ते वाचा, कारण तेव्हा पाण्याची ठणठण सगळ्यांना कळत असते आणि चर्चा मुद्द्याची होते. शक्य असेल तर त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्या. तुमची आकडेवारी कुणी खोडून काढली तर वाद घालू नका, त्याच गल्लीत जाऊन सगळ्यांसमोर बादली पुन्हा भरा.

पानाच्या मागच्या बाजूला बादलीचा हिशोब आणि ओ.टी. चाचणीची कृती छापा आणि प्रती पाणी समितीच्या महिलांकडं द्या. मूळ तक्ते, चाचणीचे आकडे आणि घरांची निवड कशी केली त्याची नोंद संस्थेकडं नीट जपून ठेवा, म्हणजे दोन वर्षांनी येणारा माणूस त्याच गल्ल्यांत, त्याच महिन्यात पुन्हा मोजू शकेल.